चार खोल्यांचं येणं

पारगावात कोणाकडे दोन पैसे जादा आले की तो पूर्वी विहिरीचं काम काढायचा. नंतरची पिढी नदीवरून पाइपलाइन करू लागली, त्यापुढची ट्रॅक्टर घेऊ लागली. आता रस्त्याकडेच्या जागेत चार खोल्या उठतात. एका ओळीत, पुढे सलग ओटा, वर स्लॅब, आणि स्लॅबमधून बाहेर काढून ठेवलेल्या सळया. पुढेमागे वरचा मजला होणार आहे, अशी गावाला दिलेली ती नोटीस असते. काही नोटिसा पंधरा-पंधरा वर्षं गंजत उभ्या आहेत.

हे पारगाव आंबेगाव तालुक्यातलं. जुन्नर तालुक्यात आणखी एक आहे, पारगाव तर्फे आळे. ज्या आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, त्या अंगाचं. फोनमधल्या नकाशाला दोन्ही सारखीच. खोली पाहायला निघालेला एखादा माणूस तिकडे जाऊन पोचतो आणि फोन करून विचारतो, मी स्टँडवर उभा आहे, तुम्ही दिसत का नाही? अशा माणसाला दादा रागावत नाही. 'तिकडची खोली आवडली तर घ्या,' म्हणतो.

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. त्यांनीही चार खोल्या बांधल्या. कारण विचाराल तर ते टोमॅटोला विचारावं लागेल. नारायणगावच्या बाजारात सकाळी क्रेटचा जो भाव ऐकून घरून निघावं, तो पोचेपर्यंत राहील याची खात्री नाही. कांद्याचं सगळ्या देशाला माहीत आहे. ऊस भरवशाचा, पण आडसाली असला तर दीड वर्ष रानात उभा. कांदा, टोमॅटो आणि ऊस, तिघांनीही ज्याला कधी ना कधी तोंडघशी पाडलं आहे, त्याच्या मनात दर महिन्याला, पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम येणार हा विचार एकदा शिरला की निघत नाही. नोकरदाराला पगाराचं काही वाटत नाही. शेतकऱ्याला पगार हे आश्चर्य वाटतं.

हिशेब एका लग्नपत्रिकेच्या मागे झाला. खर्च 10 लाख, खोल्या 4, भाडं दर खोलीला 2500. महिन्याचे 10 हजार, वर्षाचे 1 लाख 20 हजार. म्हणजे शेकडा 12. लग्नपत्रिका अजून जपून ठेवली आहे. ज्यांचं लग्न होतं त्यांना मुलं झाली.

वहिनींचं मत वेगळं होतं. त्याच जागेत कांदाचाळ बांधावी, तिला सरकारी अनुदानही मिळतं. उन्हाळी कांदा आत टाकायचा, दिवाळीच्या तोंडाला बाजार पाहून काढायचा. 'कांदा भाडं देत नाही हे खरं,' त्या म्हणाल्या, 'पण पंखाही मागत नाही.' यावर दादाकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्याने खोल्यांचं भूमिपूजन लवकर उरकलं.

पण भाडेकरू येणार कुठून? पारगाव काही चाकण नव्हे. याचा खुलासा डिंभ्यापासून करावा लागतो. डिंभे धरणाने घोड नदी अडवली, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गावच पाण्याखाली गेलं. वरच्या अंगाची घरं बुडाली आणि खालच्या अंगाला ऊस आला. ऊस आला म्हणून दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याबरोबर फिटर आले, केमिस्ट आले, वजनकाट्यावरचे कारकून आले, गॅरेजवाले आले, पतसंस्थांच्या शाखा आल्या. या सगळ्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी. अवसरी खुर्दला 2009 मध्ये सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. तिथल्या पोरांना मंचर सोयीचं, पण खिसा हलका असलेली दोघं-तिघं मोटारसायकलवर आमच्यापर्यंतही येतात. आमच्या खोल्यांचा पाया डिंभ्यात आहे, असं दादा पाहुण्यांना सांगतो. पाहुणे पायाकडे बघतात.

ज्यांच्या कोयत्यावर हा सगळा डोलारा उभा आहे ते ऊसतोडीचे लोक मात्र या हिशेबात येत नाहीत. बीडकडून, नगरकडून येतात, फडाच्या कडेला कोप्या घालतात, हंगाम संपला की बैलांसकट जातात. खोलीचं भाडं त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांनी खोली मागितली तर किती जण देतील, हेही कोणी विचारत नाही.

बांधकामात पहिली अडचण आली ती बिबट्याची. गवंड्याचा आराखडा मुंबईच्या चाळीसारखा होता: खोल्या इकडे, संडास-मोरी तिकडे टोकाला, चौघांत दोन. स्वस्त आणि सुटसुटीत. पण जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, बिबट्या आता जंगलात कमी आणि उसात जास्त असतो. कित्येक बिबट्यांचा जन्मच उसातला. कोणी पकडून माणिकडोहच्या केंद्रात नेईपर्यंत झाडांचं जंगल त्यांनी पाहिलेलंही नसतं. अशा मुलखात रात्री दोन वाजता अंगण ओलांडून जायला कोण धजणार? पहिलाच माणूस खोली पाहायला आला, टोकाच्या संडासाकडे पाहिलं, पलीकडच्या उसाकडे पाहिलं आणि चहा न घेता गेला. मग प्रत्येक खोलीत स्वतंत्र सोय झाली, अंगणात दोन मोठे दिवे लागले, 10 लाखांचे 12 लाख झाले. शेकडा 12 चे शेकडा 10 राहिले. दोन टक्के बिबट्याने खाल्ले. त्याची भरपाई वनखातं देत नाही, शेळीची देतं.

खोल्या झाल्या, भाडेकरू आले, आणि पहिल्या महिन्यात कारखान्यातल्या फिटरने ओट्यावरून हाक मारली, 'मालक!' दादाने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

यात विनोद आहे पण दादाचा दोष नाही. आमच्या आजोबांची जमीन कुळकायद्यातली. 1948 चा तो कायदा, आणि त्यातल्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा दिवस ठरला: त्या दिवशी जो कसत होता तो मालक. फुकट नव्हे, शेतसाऱ्याच्या 20 पटींपासून 200 पटींपर्यंत किंमत ठरायची आणि हप्त्याहप्त्याने भरायची. आजोबांनी ते हप्ते भरले. पावत्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. तोवर आमच्या घरात मालक म्हणजे खंड न्यायला येणारा माणूस, ज्याच्यासाठी घोंगडी अंथरायची आणि ज्याच्यासमोर यंदा पाऊस कसा कमी झाला हे सविस्तर सांगायचं. पुढे मालक गेला, पण घोंगडी अंथरायची सवय राहिली. सोसायटीचा सचिव, कृषी सेवा केंद्राचा शेठ, आडत्या, ज्याचं देणं आहे तो येणार आणि आपण पाऊस सांगणार.

शेतकऱ्याच्या घराला देणं कसं असावं हे पाठ असतं. कोणाकडे किती थकवायचं, कोणाला सणाआधी थोडं द्यायचं, कोणासमोर डोक्याला रुमाल बांधून आजारी बसायचं, याचं शास्त्र पिढ्यांनी बसवलेलं. येणं मात्र कधी नव्हतंच. आलं तेव्हा ते कुठून धरायचं हे कळेना.

दादा भाडं मागायला जायचा. जाताना वहिनी बजावून सांगायच्या, पैसे घेऊनच या. ओट्यावर फिटर चहा टाकायचा. मग यंदाचा उतारा, ऊस वाळतोय, मुलीची शाळा, गावाकडची आई. फिटर पाऊस सांगू लागला की दादाला ते सगळं ओळखीचं वाटायचं. ही वाक्यं त्याची स्वतःची होती, फक्त बसायची बाजू बदलली होती. मग तोच फिटरला पुढचं वाक्य सुचवायचा. 'या महिन्यात राहू द्या, पुढच्या महिन्यात दोन्ही,' हे फिटर म्हणायच्या आधी दादा म्हणून मोकळा. एकदा तर तो दीड तासाने घरी आला तो फिटरच्या मेव्हण्याला ट्रॅक्टरच्या कामावर लावण्याचा शब्द देऊन.

आमच्या भागाने चाळी पाहिल्या त्याही आतून. आंबेगाव, जुन्नर, खेडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली: डबे पोचवायला, माथाडीला, भाजीबाजारात. महाळुंगे पडवळचे बाबू गेनूही गिरणीत कामाला होते. आमचे चुलते लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आणखी सात जणांबरोबर राहायचे. भाडं इतकं कमी की देताना लाज वाटावी. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या भावाला बांधून टाकली होती, आणि पुढे दुधाचा, तेलाचा, सोन्याचा भाव कुठच्या कुठे गेला तरी खोलीचं भाडं जागेवरच बसून राहिलं. मालकाला डागडुजी परवडेना, चाळी टेकूंवर आल्या. 1999 चा नवा कायदा पुढच्या वर्षी 31 मार्चला लागू झाला तेव्हा दरसाल 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. 4 टक्के कशाचे, तर त्या जुन्या भाड्याचे. भाडेकरूंना पु. ल. देशपांडे मिळाले, 'बटाट्याची चाळ' मिळाली. मालकाची बाजू सांगणारा तेवढ्या ताकदीचा लेखक काही निघाला नाही, आणि चाळीतल्या भाडेकरूंनी तो निघू दिलाही नसता.

गावातल्या शहाण्यांनी दादाला घाबरवलंही खूप. खोलीला कूळ लागेल, म्हणाले. घोडेगावच्या वकिलाने समजावलं की कुळकायदा शेतजमिनीचा, खोलीला तो लागत नाही. तरी 11 महिन्यांचा कागद करून घ्या. 11 च का? तर 1908 च्या नोंदणी कायद्याने वर्षाच्या वर गेलेला भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळा देश 1 महिना अलीकडे थांबतो. दादाने कागद केला नाही. भाडेकरूच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन पंचांगात ठेवली. कागद केला तर त्यांना वाटेल आपला विश्वास नाही, हे त्याचं म्हणणं. कुळाच्या घरात कागदाची फार भीती असते. कागदानेच जमीन मिळाली असली तरी.

चारांपैकी एक भाडेकरू मात्र हिशेबाने आदर्श आहे. ते शाळेतले गुरुजी. झेडपीच्या शिक्षकाने मुख्यालयी राहावं, तर घरभाडं भत्ता, अशी अट. गुरुजींचं बिऱ्हाड मंचरला, मुलांचे क्लास मंचरला. म्हणून पारगावात खोली आणि खोलीला कुलूप. भाडं 1 तारखेला, पावती ताबडतोब. वीज नाही, पाणी नाही, तक्रार नाही. कुठल्याही गुंतवणूकदाराने असा भाडेकरू देव्हाऱ्यात ठेवावा. दादाला त्यांच्याबद्दल कायम रुखरुख. 'पैसे येतात, माणूस येत नाही,' म्हणतो. वहिनी त्या कुलपाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. तेवढ्यात वीस क्विंटल कांदा राहिला असता.

विजेचं प्रकरण सगळ्यांत अवघड निघालं. मीटर एकच. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त, पुढची जवळपास दुप्पट. एकेक खोली 60 युनिटं जाळते, म्हणजे गरिबाच्या दरात बसते. पण तीन खोल्यांची मिळून 180 झाली की वरची 80 श्रीमंताच्या दरात जातात. ती 80 कोणाची? पोरं म्हणाली, आमच्याकडे फ्रिज नाही. फिटर म्हणाला, पोरांचे लॅपटॉप रात्रभर चालतात. यावर ओट्यावर जी सभा झाली तिच्यात अभियांत्रिकीच्या पोराने वहीत सूत्र मांडून दाखवलं. सूत्र बरोबर होतं म्हणूनच कोणी मानलं नाही. शेवटी वरचा फरक दादाच भरतो.

तिसऱ्या खोलीत कारखान्याचा हंगामी कामगार असतो. असतो म्हणजे गाळप असतं तोवर. बॉयलर विझला की महिनाभरात त्याचं बिऱ्हाड हलतं आणि खोली पुढच्या हंगामापर्यंत मोकळी. बारमाही म्हणून केलेली ही लागवडही निम्मी हंगामीच निघाली. ती रिकामी सहा महिन्यांची, विजेचा फरक, जळालेली मोटार, रंग, पट्टी, असं सगळं वजा करून मी एकदा दादाला दाखवलं: हातात राहतात 80 हजारांच्या आसपास. 12 लाखांवर शेकडा साडेसहा. बँकेतल्या मुदत ठेवीच्या उंबऱ्यावर येऊन उभे. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, 'ठेव ठेवली असती तर सळया कुठे सोडल्या असत्या?'

एक गोष्ट मात्र त्याला फार आवडली. घरभाड्याच्या उत्पन्नातून इन्कमटॅक्सवाले दुरुस्ती वगैरेसाठी 30 टक्के रक्कम वगळतात, खर्च झाला असो वा नसो. दादाचं उत्पन्न करापर्यंत पोचत नाही, तरी त्याने ते तीनदा विचारलं. न विचारता सोडतात? पंचनामा नाही? तलाठी येत नाही? सरकारने आपलं आपण 30 टक्के धरलं, ही बाब त्याने पारावर सांगितली आणि कोणी विश्वास ठेवला नाही.

मी स्वतः भोसरीत भाड्याने राहतो. आमचा करार ऑनलाइन, 11 महिन्यांचा, मुद्रांकासकट. दरवर्षी ठरलेली वाढ. मालकाला मी करारावर अंगठा देताना पाहिलं तेवढंच. भाडं 5 तारखेच्या आत बँकेतून आपोआप कापून जातं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हणजे तू न मागता देतोस?' त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं. आपला भाऊ शहरात जाऊन काहीतरी विसरला, असा काळजीचा सूर होता.

तरी मागण्याचा प्रश्न त्याने अलीकडे आपल्या परीने सोडवला आहे. तोंडाने मागता येत नाही ते मोबाइल मागतो. 5 तारखेला सकाळी भाडेकरूंच्या व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल जातं, खाली 'शुभ सकाळ'. भाड्याचा शब्दही नाही. 10 तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर विठ्ठल, कमरेवर हात. त्यापुढे दादा उसाचा नियम लावतो: 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आहेत, म्हणून तोही 5 तारखेपासून 14 दिवस थांबतो. चौदा दिवस उलटल्यावर शेकडा 15 व्याज, असंही त्या आदेशात आहे. ते त्याने भाडेकरूंना सांगितलेलं नाही. 19 तारखेला शनिमहाराज जातात. फिटरच्या बायकोने वहिनींना सांगितलं की घरात सकाळी फोन वाजला की आधी देव कोणता ते बघतात. आजवर शनिमहाराजांची वेळ एकदाच आली, आणि तीही पोरांवर. पोरांनी उलट हात जोडलेली खूण पाठवली आणि पैसे दिले नाहीत. त्यांची परीक्षा होती, म्हणून दादानेही पुढे देव वाढवला नाही.

आता वरच्या मजल्याचं चाललं आहे. दादाचं म्हणणं, पैसे मी घालावेत, वरच्या दोन खोल्या माझ्या नावाने. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव लावून घेऊ. म्हणजे भोसरीत मी भाडेकरू आणि पारगावात मालक. बायकोने विचारलं की एवढे पैसे आहेत तर भोसरीतच जागा का घेत नाही. भोसरीत तेवढ्या पैशात पार्किंग येतं, असं मी सांगितलं, आणि मग आपण होऊन दादाची बाजू मांडायला लागलो: सळया तयारच आहेत, पाया डिंभ्यात आहे, 30 टक्के सरकार सोडतं.

अडलंय ते जिन्यापाशी. बाहेरून काढला तर वहिनींचं तुळशीवृंदावन हलवावं लागतं. आतून काढला तर वरच्या बिऱ्हाडाची जा-ये आमच्या ओट्यावरून, आणि मग प्रत्येकाला दादा चहाला थांबवणार. गवंडी म्हणतो, लोखंडी गोल जिना बसवा, जागा खात नाही. वहिनी म्हणतात, पापडांची परात डोक्यावर घेऊन गवंड्याने तो आधी चढून दाखवावा. शेवटी पाडव्यानंतर बघू, असं ठरलं. पैशांचं मी हो म्हटलं आहे की नाही हे मलाही नीट आठवत नाही. बोलणं चहावर झालं होतं.

काल सकाळी मोबाइलवर दादाचा गुलाब आला.